भांड्यावर जळून बसलेलं तेल घासून का निघत नाही, आणि मग ते कसं काढायचं

विचारलेलं थोडक्यात असं: स्टीलच्या पॅनच्या आतल्या कडांवर आणि बाहेरून तपकिरी थर बसलाय. काही ठिकाणी चिकट, काही ठिकाणी काचेसारखा कडक. साबणाने तीनदा घासलं, रात्रभर गरम पाण्यात ठेवलं, खायचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं, शेवटी तारेची घासणी घेतली. पॅनला चरे पडले, थर जागचा हलला नाही. काय चुकतंय? आणि जो उपाय असेल तोच ॲल्युमिनियमच्या बेकिंग ट्रेला आणि नॉनस्टिक तव्याला चालेल का?

ट्रेचं उत्तर आधी देते, कारण त्यात नुकसान होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. नाही, चालणार नाही. स्टीलसाठी मी खाली जे सांगणार आहे ते ॲल्युमिनियमला लावलंत तर ट्रे काळा पडेल, जास्त वेळ ठेवलात तर खाल्ला जाईल. नॉनस्टिकचीही वाट वेगळी आहे. दोन्हींकडे पुढे येते.

मी बावीस वर्षं मोठ्या स्वयंपाकघरांत भांडी धुण्याचा विभाग सांभाळला. रोज शेकडो भांडी हाताखालून जायची. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते तासन्‌तास घासून मनगटं दुखवून घेणाऱ्या माणसांचं. त्यांची मेहनत कमी पडत नव्हती. ते ज्याला तेल समजून घासत होते ते तेल उरलेलंच नव्हतं, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ताजं तेल म्हणजे सुटे रेणू. एकेका रेणूत ग्लिसरॉलचा लहानसा कणा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. साबणाचे रेणू त्यांना वेढा घालतात आणि पाण्याबरोबर घेऊन जातात, म्हणून ताजं ओशट भांडं दोन मिनिटांत स्वच्छ होतं. पण तेलाचा पातळ थर तापला आणि त्याला हवा मिळाली, की ऑक्सिजन त्या साखळ्यांना दुहेरी बंधाच्या (म्हणजे जिथे दोन कार्बन अणू एकाऐवजी दोन बंधांनी जोडलेले असतात त्या) जागी पकडतो आणि एका रेणूच्या साखळ्या दुसऱ्याच्या साखळ्यांना सांधल्या जातात. सांधत सांधत सगळ्या थराचं एकच जाळं होतं. चित्रकार जवसाच्या तेलात रंग कालवतात, सुतार तेच तेल लाकडाला लावून वाळवतात, तिथे अगदी हेच होतं. लाकडावर त्याला दिवस लागतात, तापलेल्या धातूवर मिनिटं पुरतात. तुमच्या पॅनवर आहे ते रोगण आहे. दारावरचा जुना तैलरंग भांड्याच्या साबणाने निघेल अशी अपेक्षा कुणी करत नाही. पॅनच्या बाबतीत मात्र आपण सगळेच ती करतो.

थर कडांवर आणि बाहेरूनच का, तेही यातून समजतं. पॅनच्या तळाशी जोवर पाण्याचा अंश आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडकलेलं असतं. कडांवर उडालेले थेंब मात्र पातळ, कोरडे, हवेला उघडे, आणि धातू तिथे बराच जास्त तापलेला. बाहेरून ओघळलेलं तेल तर थेट आचेच्या तोंडी. जवस, सूर्यफूल, सोयाबीन अशा तेलांत दुहेरी बंध जास्त, म्हणून त्यांचं रोगण लवकर होतं. खोबरेल तेलात ते फार कमी, म्हणून ते सावकाश जमतं.

आमच्या कामात एक जुना हिशोब आहे. हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली तो मांडला, म्हणून त्याला सिनरचं वर्तुळ म्हणतात. कुठलीही स्वच्छता चार गोष्टींच्या बेरजेने होते: रसायन, उष्णता, वेळ आणि घर्षण. एक कमी केलीत तर बाकीच्यांनी ती भरून काढायची. घरी बहुतेक जण पहिल्या तीन गोष्टी जेमतेम वापरतात आणि सगळा भार चौथीवर, म्हणजे हातावर टाकतात. तुम्ही रात्रभर भिजवलंत म्हणजे वेळ दिलीत, पण पाणी तासाभरात गार झालं आणि त्यात रसायन नव्हतंच. मग व्हिनेगरने उरलासुरला जोरही काढून घेतला.

त्या जोडीबद्दल थोडं स्पष्टच सांगते, कारण हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि लोकांचा वेळ खातो. खायचा सोडा अल्कधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते सोडियम ॲसिटेट, पाणी आणि उडून जाणारा कार्बन डायऑक्साइड. फेस दिसतो तो त्या वायूचा. सैल चिकटलेला कण तो थोडासा हलवेल, पण रोगणाला त्याने ओरखडासुद्धा पडत नाही. दोन्ही वस्तू उपयोगाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी: तेलावर अल्क, आणि पाण्याच्या क्षारांच्या पांढऱ्या डागांवर किंवा धातूवरच्या रंगछटांवर आम्ल.

अल्कच का? रोगणाच्या जाळ्यात साखळ्या एकमेकींना घट्ट सांधलेल्या असल्या, तरी त्या मूळच्या ग्लिसरॉलला जिथे जोडलेल्या होत्या ती गाठ अजून तशीच असते, आणि तीव्र अल्क नेमकी तीच गाठ सोडवतो. तेलाचा साबण करताना जी क्रिया होते तीच ही. गाठी सुटल्या की जाळं विस्कटतं, थर फुगतो, मऊ पडतो आणि पापुद्र्याने सुटतो. लाकडाच्या राखेने भांडी घासली जायची त्यामागेही हेच आहे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, तो अल्कच.

आता अल्काचा जोर बघा. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ८.३. धुण्याच्या सोड्याचा ११च्या पुढे. कॉस्टिक सोड्याचा १३ ते १४. हे मोजमाप दहापटीच्या पायऱ्यांचं आहे, म्हणजे खायचा आणि धुण्याचा सोडा यांच्यातलं अंतर काही शे पटींचं होतं. नावं जवळची असल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. रोगणावर खायचा सोडा बारीक, मऊ पावडर म्हणून घासायला बरा, पण गाठी सोडवण्याचं काम धुण्याच्या सोड्याचं.

धुण्याचा सोडा मिळत नसेल तर खायच्या सोड्यापासून घरी करता येतो. काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात तो पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवा. त्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि १०० ग्रॅमचे साधारण ६३ ग्रॅम उरतात. वजन तेवढं उतरलं की झालं. बाजारातला सोडा खड्यांच्या स्वरूपात असेल तर लक्षात ठेवा, त्या स्फटिकांच्या वजनात जवळजवळ ६३ टक्के पाणीच असतं. कोरड्या भुकटीच्या जवळपास पावणेतीनपट खडे घ्यावे लागतात. «सोडा टाकला, काही झालं नाही» अशा तक्रारींमागे मला अनेकदा हेच सापडलंय.

कृतीआधी थर ओळखा. पॅन कोरडा करा आणि नखाने दाबून बघा. बोटाला ओशट लागलं आणि पुसलं गेलं तर ते अजून तेल आहे. गरम पाणी आणि साबण पुरे. नख रुतलं, पण थर निघाला नाही, चिकट लागला, तर तो अर्धवट जमलेला आहे. सोडा त्याला सहज काढेल. नख घसरलं आणि खाली मधासारखा पारदर्शक तपकिरी रंग दिसला, तर पूर्ण जमलेलं रोगण. त्याला उष्णता आणि वेळ दोन्ही लागणार. काळा, खरखरीत, टवके उडणारा थर असेल तर तो करपून कोळसा झालेला आहे. कोळसा कुठल्याच सोड्यात विरघळत नाही. मात्र त्याला धरून ठेवणारं रोगण मऊ पडलं की तो आपोआप सुटा होतो, म्हणून तिथेही सुरुवात सोड्यानेच करायची आणि खरवडायचं नंतर.

आता तुमचा स्टीलचा पॅन.

आधी जेवढं सुटं तेल आहे ते कागदाने किंवा जुन्या फडक्याने पुसून कचऱ्यात टाका. ही पायरी लोक गाळतात. सोड्याचं पाणी भेटेल त्या तेलावर खर्च होतं. ताज्या तेलातच ते संपलं तर जुन्या थरासाठी काही उरत नाही. शिवाय सुटं तेल मोरीत गेलं तर पुढे नळीत गोठून बसतं.

पॅनपेक्षा मोठं स्टीलचं पातेलं घ्या, ज्यात पॅन पूर्ण बुडेल. लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ निघत असेल तर काढा. दर लिटर पाण्याला दोन मोठे चमचे कोरडा धुण्याचा सोडा आणि थोडासा भांड्याचा साबण घाला. पाणी उकळीला आणा आणि मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास ठेवा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून उकळत्या पाण्यातला अर्धा तास गार पाण्यातल्या रात्रीपेक्षा कितीतरी जास्त काम करतो. पाणी चहासारखं तपकिरी होऊ लागलं की समजा रोगण सुटतंय. फार गढूळ झालं तर ते फेकून नवीन करा. सोडा खर्ची पडलेला असतो, त्याच पाण्यात आणखी तासभर ठेवून काही मिळत नाही.

मग आच बंद करा, हात घालण्याजोगं निवू द्या, हातमोजे घाला आणि प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने खरवडा. अर्ध्याहून अधिक थर इथेच पापुद्र्यासारखा निघतो. मला हा क्षण इतक्या वर्षांनंतरही आवडतो. उरलेल्यावर ओली घासणी फिरवा, हँडलच्या रिबिटांभोवती जुना दात घासायचा ब्रश. निघालं नाही तर जोर वाढवू नका, पुन्हा उकळा. पूर्ण जमलेल्या थराला दोन-तीन फेऱ्या लागणं सामान्य आहे.

पॅन बुडेल एवढं पातेलं नसेल तर लेप करा. धुण्याचा सोडा, थोडा साबण आणि गरम पाणी असं घट्टसर कालवून थरावर जाड लावा, वरून ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळा. पिशवीचं कारण महत्त्वाचं आहे. अल्क ओला असेपर्यंतच काम करतो. उघडा लेप तासाभरात वाळून निव्वळ पांढरी पूड होते. रात्रभर ठेवा, सकाळी खरवडा.

भांडी धुण्याच्या यंत्राची पावडर घरात असेल तर तीही चांगली आहे. तिच्यात बहुधा सोडियम कार्बोनेट, पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडणारं परकार्बोनेट आणि प्रथिनं व स्टार्च तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. करपलेल्या पिठूळ किंवा दुधाच्या थरावर ती साध्या सोड्यापेक्षा सरस ठरते. फक्त तिचं पाणी उकळू नका, ५० अंशांच्या आसपास ठेवा. त्याहून फार गरम झालं की विकरं निकामी होतात. परकार्बोनेटचं पाणी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका, वायू साठून डबा फुटतो.

घासणीबद्दल बोलायलाच हवं, कारण तुमच्या पॅनला चरे पडलेत. कुठली वस्तू कुणावर चरा पाडेल हे कठीणपणावर ठरतं. कठीणपणा मोजणाऱ्या १ ते १० च्या मापावर (मोह यांचं माप) खायचा सोडा सुमारे २.५, ॲल्युमिनियम २.७५ च्या आसपास, स्टील आणि काच साडेपाचच्या घरात, वाळू ७ आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड ९. बऱ्याच हिरव्या खरखरीत घासण्यांच्या धाग्यांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखेच कण चिकटवलेले असतात, म्हणून त्या स्टीललाही ओरखडतात. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचा आणखी एक तोटा: तिचे बारीक तुकडे स्टीलमध्ये रुतून बसतात, गंजतात आणि लोक म्हणतात स्टीलच गंजलं. घ्यायचीच तर स्टेनलेस स्टीलची घ्या, आणि पॅनवर ज्या दिशेने बारीक रेघा दिसतात त्याच दिशेने फिरवा. पडलेले चरे जाणार नाहीत, पण त्यांनी पॅनचं काही बिघडतही नाही. स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर हवा लागताच चऱ्यावरही पुन्हा तयार होतो.

रोगण निघाल्यावर खाली निळसर-सोनेरी छटा दिसतील. तो डाग नव्हे. जास्त तापल्याने तोच ऑक्साइडचा थर जाड झालेला असतो आणि त्यातून प्रकाश तसा दिसतो. इथे व्हिनेगरची पाळी. सोडा पूर्ण धुऊन झाल्यावर कोमट व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवा. सोड्यामुळे कठीण पाण्यातले क्षार पांढरे बसले असतील तर तेही त्यातच जातात. ऑक्झॅलिक ॲसिडची पावडर यासाठी फार उत्तम काम करते, पण ती विषारी आहे. हातमोजे घाला आणि भांडं नंतर नीट धुवा.

ब्लीच आणू नका. ते तेल काढत नाही, आणि त्यातलं क्लोराइड स्टीलला सुईच्या टोकाएवढी भोकं पाडतं, जी कधीच भरून येत नाहीत. आम्लाबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामाइन. छोट्या बंद स्वयंपाकघरात हे दोन्ही जिवावर बेतू शकतात. काम झालं नाही म्हणून एकावर एक बाटल्या ओतत जाण्याची सवय मी बघितली आहे, म्हणून एवढं कळकळीने सांगतेय. एक वस्तू पूर्ण धुऊन टाकल्याशिवाय दुसरी घेऊ नका.

सोड्याच्या तीन फेऱ्यांनीही न हटणारा जाड काळा थर, विशेषतः तळाखाली, उरला तर कॉस्टिक सोडा असलेलं ओव्हन क्लीनर वापरता येतं. भांडं बाहेर किंवा उघड्या खिडकीपाशी न्या, लांब हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावा. क्लीनर लावून पिशवीत बांधा, काही तास ते एक दिवस ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि शेवटी पातळ व्हिनेगरने पुसा. कॉस्टिक सोडा कोरडा घेऊन द्रावण करणार असाल तर नेहमी पाण्यात सोडा घालायचा, थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर उडतं. डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते. घरी लहान मुलं असतील तर हा मार्ग मी सुचवणारच नाही; तळाखालचा काळा थर राहिला तरी पॅन वापरता येतो.

आता ॲल्युमिनियम. मी एका मोठ्या स्वयंपाकघरात होते तेव्हाची गोष्ट. स्टीलच्या जाळ्यांसाठी आम्ही कॉस्टिकचं टाकं भरून ठेवायचो. कामावर नवीन आलेल्या मुलाने चांगल्या हेतूने त्यात ट्रेची चळत सोडली. कुणाच्या लक्षात आलं तेव्हा टाकं खदखदत होतं, खाली आच नसताना. ट्रे काळेठिक्कर झाले होते आणि कडा इतक्या पातळ की बोटाने वाकत होत्या. त्याला धातूंचा फरक मी शिकवायला हवा होता, आणि टाक्यावर पाटीही नव्हती. ती चूक माझी होती, आणि मला अजून टोचते ते ट्रे गेल्यापेक्षा हे, की त्या बुडबुड्यांमध्ये हायड्रोजन होता आणि दहा पावलांवर बर्नर पेटलेले होते.

ॲल्युमिनियमला वाचवणारा त्याचा ऑक्साइडचा थर आम्लातही विरघळतो आणि अल्कातही. सामू साधारण ४ ते ८.५ या पट्ट्यात तो टिकतो. धुण्याचा सोडा, कॉस्टिक, यंत्राची पावडर, सगळे या पट्ट्याबाहेर. कठीण केलेल्या, म्हणजे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमलाही हेच लागू, त्याचा तो राखाडी कडक थर ऑक्साइडचाच असतो.

म्हणून ट्रेसाठी: खूप गरम पाणी, भांड्याचा सौम्य साबण, तासभर भिजवणं, मग खायच्या सोड्याचा ओला लेप पंधरा-वीस मिनिटं आणि नायलॉनची घासणी. चिकट थर निघेल. कडक तपकिरी रोगण पूर्ण निघणार नाही, आणि माझं प्रामाणिक मत आहे की ते काढण्याच्या मागे लागू नका. ते अन्नात उतरत नाही, आणि काळसर ट्रे ओव्हनमधली उष्णता चकचकीत ट्रेपेक्षा जास्त शोषतो, पदार्थाला खालून रंग चांगला येतो. भाजायला थोडा कमी वेळ लागेल एवढं लक्षात ठेवा. ट्रे चुकून अल्काने काळवंडला असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून दहा मिनिटं उकळा, बराचसा उजळतो.

भांडं कशाचं आहे हे कळत नसेल तर चुंबक लावा. चिकटला तर लोखंड किंवा चुंबकाला धरणारं स्टील, म्हणजे ॲल्युमिनियम नक्की नाही. निदान जिथे चिकटला तिथे तरी. काही ॲल्युमिनियमच्या पॅनना इंडक्शनसाठी तळाशी स्टीलची चकती बसवलेली असते, म्हणून कडेलाही लावून बघा. चुंबक चिकटला नाही, भांडं हातात हलकं लागलं आणि पांढऱ्या ओल्या फडक्यावर राखाडी रेघ उमटली तर ॲल्युमिनियम.

नॉनस्टिकवर तपकिरी थर आला की त्याचा गुळगुळीतपणा जातो आणि लोक समजतात कोटिंग संपलं. अनेकदा ते नुसतं रोगण असतं, बहुधा फवाऱ्याच्या तेलाचं, कारण त्यात लेसिथिन असतं आणि ते फार चिवट जमतं. तव्यात दोन बोटं पाणी घ्या, दोन चमचे खायचा सोडा घाला, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं उकळा. लाकडी उलथन्याने हलकेच हलवा, मऊ फडक्याने साबण लावून धुवा, गरज पडली तर पुन्हा. कुठलीही खरखरीत घासणी नको. या कोटिंगचं द्रव्य, पीटीएफई, साधारण २६० अंशांपर्यंत सुरक्षित असतं. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच त्यापुढे जातो, आणि ३५० च्या वर त्यातून निघणारा धूर माणसाला तापासारखा आजार देतो, पिंजऱ्यातले पक्षी तर मरतात. म्हणून डाग «जाळून» काढायचा प्रयत्न कधीही करू नका. कोटिंगचेच पापुद्रे सुटत असतील तर तवा टाकून द्या.

बिडाच्या तव्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण स्टीलचं यश बघून पुढे कधीतरी तो सोड्यात उकळाल अशी भीती वाटते. बिडावरचा काळा तुकतुकीत थर हाच तर तो तवा चालण्याचं कारण आहे, आणि तो थर म्हणजे हेच रोगण, मुद्दाम पातळ पातळ जमवलेलं. सोडा त्याला खाऊन टाकेल. बिडाला भांड्याचा साधा साबण चालतो. तो न लावण्याचा नियम अल्काचा अंश राहिलेल्या जुन्या साबणांच्या काळचा. धुतल्यावर लगेच आचेवर कोरडा करा. थर चिकट लागत असेल तर तेल जास्त लागून अर्धवट जमलंय; तवा ओव्हनमध्ये पालथा घालून २३० ते २५० अंशांवर तासभर तापवा, ते पूर्ण जमेल. थर टवक्यांनी सुटत असेल, किंवा खाली गंज असेल, तरच तो मुळापासून काढा आणि धुतल्याबरोबर पुसून तेल लावा. ओलं उघडं बीड डोळ्यांदेखत तांबूस होतं.

एनॅमल म्हणजे धातूवर वितळवून बसवलेली काच. सोडा चालतो, एकदम गरम-गार चालत नाही, धातूची पट्टी चालत नाही. काचेच्या भांड्यांचंही तेच. तांब्या-पितळेला अमोनिया लावू नका, आणि आत कल्हई असेल तर कुठल्याही घासणीने जोर करू नका. कथील मऊ असतं आणि २३२ अंशांनाच वितळतं, म्हणजे रिकामं भांडं आचेवर विसरलात तरी कल्हई जाते.

आता पुढच्या वेळेसाठी. रोगण पहिल्या दिवशी दिसत नाही. धुतल्यावर कडेला राहिलेली पुसटशी चिकट कड दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते, तिसऱ्या दिवशी तिच्यावर नवीन थर बसतो. तुमच्या पॅनवरचा थर कित्येक महिन्यांचा असणार. म्हणून स्वयंपाक झाल्यावर पॅन कोमट असतानाच, हाताला सोसेल अशा वेळी, कागदाने कडा पुसून घ्या आणि गरम पाण्यात साबण घालून धुवा, बाहेरची बाजू आणि तळ धरून. रसरशीत तापलेल्या पॅनवर गार पाणी मात्र ओतू नका. तळातला ॲल्युमिनियमचा गाभा आणि बाहेरचं स्टील वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि तळ कायमचा वाकतो. धुऊन झाल्यावर कोरड्या बोटाने आतल्या कडेवरून एक फेरी मारा. बोट अडखळलं तर तिथे अजून तेल आहे, आणि आज ते साबणाने निघेल.